पिवळं की हिरवं?

परवा सकाळी आबाचा फोन आला. आबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला आमचं माहेरचं गाव आहे, तिथली शेती तोच बघतो. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावातली निम्मी मंडळी हल्ली मोबाईलवर सगळं वाचत असतात.) फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "ताई, परत नवा आराखडा करणार म्हणतायत. आपल्या रानाचं काय लिहून द्यायचं? तुला काय वाटतं?"

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. मला मात्र फोन ठेवल्यावर दहा मिनिटं नुसतं बसून राहावंसं वाटलं. "तुला काय वाटतं" एवढे तीन शब्द ऐकायला मला बरीच वर्षं लागली. का लागली, ते आज लिहून काढते.

मी शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, चौतीस वर्षं शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवलं. भूगोलाच्या तासाला सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा भिंतीला टांगायचा आणि मुलांकडून रंग पाठ करून घ्यायचे. निळा म्हणजे पाणी. हिरवा म्हणजे जंगल. पिवळा म्हणजे लागवडीखालची जमीन. "पिवळा म्हणजे शेत" हे किती पिढ्यांकडून घोकून घेतलं असेल, देव जाणे! आणि स्वतः घर घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं, की सरकारच्या दुसऱ्या एका नकाशात पिवळा म्हणजे घरं. नगररचनेच्या नकाशात रहिवासी भाग पिवळा असतो आणि शेती हिरवी. रंग तोच, अर्थ मात्र उलटा. जमिनीचा भाव ठरतो तो या दुसऱ्या नकाशावरून. "यलोमध्ये आली का?" असं आमच्याकडे आता न शिकलेला माणूससुद्धा विचारतो.

हा रंग भरतं कोण? मुलांना मी हे कधी नीट शिकवलं नाही, कारण पुस्तकातच नव्हतं. नगरपालिकेची कामं लिहा म्हटलं, की दिवाबत्ती, पाणीपुरवठा, जन्ममृत्यूची नोंद... झालं. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणं हे त्या सगळ्यापेक्षा मोठं काम. ते कुणाकडे असतं, हे मला कळलं ते ठेच लागल्यावर.

१९८३ साली ह्यांनी दीड गुंठा जागा घेतली. तालुक्यातल्याच एका वाढत्या गावाच्या कडेला. विकणारा म्हणाला, "बाई, सहा महिन्यांत पिवळं होतंय बघा." आम्ही दोघंही नोकरदार, दोघंही शिकलेले, आणि दोघांनीही विश्वास ठेवला. बिगरशेती झालेली नव्हती, मंजूर लेआउट नव्हता, रस्ता म्हणजे दोन प्लॉटच्या मधली चिखलाची पट्टी. पतपेढीचं कर्ज काढून तीन खोल्या बांधल्या. मग नळ हवा म्हणून एका कार्यालयात गेलो, तर तिथे म्हणाले, "तुमचं घर आमच्या हद्दीत नाही." दुसऱ्या कार्यालयात गेलो, तर म्हणाले, "हद्दीत आहे, पण कागदावर घरच नाही, तिथे शेत आहे." तिसरीकडे सांगितलं, की हे जिल्ह्याला जाऊन विचारा. मी रोज वर्गात 'नागरिकांचे हक्क' शिकवत होते आणि माझं स्वतःचं घर कागदावर ज्वारीचं रान होतं!

२००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. मग अर्ज, मोजणी, शुल्क, दंड असं सगळं करून दोन-तीन वर्षांनी आमचं घर कागदावर 'घर' झालं. वीस वर्षं मी एका ज्वारीच्या ताटाखाली राहत होते असं हे गमतीने म्हणायचे. त्या वीस वर्षांत मला नगररचनेचं जेवढं शिक्षण मिळालं, तेवढं बी.ए.ला मिळालं नाही.

ते शिक्षण थोडक्यात असं.

आपल्या राज्यात १९१५ साली पहिला नगररचना कायदा झाला, मुंबई इलाख्यासाठी. मग १९५४ चा आला आणि त्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. तोच आजतागायत चालू आहे. या कायद्यात दोन तऱ्हेचे नकाशे आहेत. नगरपालिका किंवा महापालिका आपल्या हद्दीचा विकास आराखडा करते. हद्दीबाहेरच्या मोकळ्या मुलखाला प्रादेशिक आराखडा. आपल्याकडचा पुणे प्रादेशिक आराखडा १९९७ साली मंजूर झाला. या बाहेरच्या मुलखात बांधकामाची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायची, नगररचना खात्याचा अभिप्राय घेऊन. आणि आराखडा कुठलाही असो, त्यावर शेवटची सही मुंबईतून, मंत्रालयातून. म्हणजे शिरूरच्या नगरपालिकेने रंग भरले तरी ते पक्के होणार राज्य सरकारने होकार दिल्यावरच.

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि पुढे दौंडला मी आयुष्यात किती वेळा एसटीने गेले असेन. खिडकीतून दिसायला सगळं सलगच आहे. ऊस, गुऱ्हाळं, मध्येच एखादं मंगल कार्यालय, नदीवरचा पूल. पण या एका प्रवासात नकाशे भरणारे हात बदलत जातात. शिरूर गावात नगरपालिका. वेशीबाहेर आलं की प्रादेशिक आराखडा आणि कलेक्टर. दोन्ही तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, ज्याला सगळे नुसतं पीएमआरडीए म्हणतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत एमआयडीसी हीच नियोजन प्राधिकरण. आणि दौंडला रेल्वेच्या जागेत रेल्वेचंच चालतं. शेतकऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला बांध दिसतो, विहीर दिसते आणि शेजारच्याचं पिवळं झालं एवढं कळतं.

पीएमआरडीए स्थापन झालं २०१५ साली. हेतू चांगलाच होता. पुणं पसरतंय, गावोगाव आमच्या त्या दीड गुंठ्यासारखे प्लॉट पडतायत, प्रत्येक गाव आपापलं बघून चालणार नाही, रस्ते आणि पाणी याचा एकत्र विचार हवा. मला हे पटलेलं होतं. चिखलात वीस वर्षं काढलेल्या बाईला हे पटणारच! मग २०२१ च्या ऑगस्टच्या सुमाराला प्राधिकरणाने आठशेहून अधिक गावांचा प्रारूप विकास आराखडा लोकांच्या हरकतींसाठी जाहीर केला. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती, माणसं घरातच होती, आणि जिकडेतिकडे मोबाईलवर तो नकाशा फिरायला लागला.

आमच्या घरात महाभारत झालं ते तेव्हा.

आमचं रान तीन एकर. सात-बारावर आबाचं आणि माझं, अशी दोघांचीच नावं. मी कधी वाटणी मागितली नाही, उत्पन्नही घेतलं नाही, पण वडिलांनी "पोरीचं नाव राहू दे" म्हणून सांगितलं होतं आणि ते राहिलं. एका रविवारी आबा आणि भाचा गाडी काढून शिरूरला आले. भाच्याने चहा होईपर्यंत लॅपटॉप उघडला. "आत्या, हे बघ. वाटेच्या पलीकडचं सगळं यलो. आपलं ग्रीन. मध्ये फक्त एक वाट!" आबाने पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. आमची जमीन शेती विभागात दाखवली आहे, ती रहिवासी विभागात घ्यावी, असा अर्ज. खाली आबाची सही झालेली, शेजारी माझं पूर्ण नाव छापलेलं आणि वर मोकळी जागा.

मी कागद दोनदा वाचला. म्हटलं, "आबा, तू मला आधी विचारलं नाहीस."

"अगं विचारायचं काय त्यात? तुझाच फायदा आहे."

खरं सांगते, मला जमिनीचा मोह नव्हता आणि विकायला विरोधही नव्हता. त्या एका वाक्याने मात्र काहीतरी झालं. तुझाच फायदा आहे... हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. कॉलेज सोडायला सांगताना, लग्न ठरवताना, बदली घेताना. फायदा माझा, ठरवणारे दुसरे.

आणि कागदात एक गोष्ट लिहिलेलीच नव्हती. आमच्या तीन एकरांतलं नदीकडचं एक एकर खोलगट आहे. वरच्या धरणांतून भीमेला जास्त पाणी सोडलं की तिथे पाणी चढतं. मी लहान असताना त्या तुकड्यात कमरेएवढं पाणी बघितलंय, आबानेही बघितलंय. नकाशा काढणाऱ्याला हे कदाचित माहीत नसेल. आबाला तर माहीत होतं! तरी अर्जात तीन एकर पिवळं करा म्हणून लिहिलं होतं, कारण गिऱ्हाईक होतं ते सलग तीन एकरांना.

मी विचारलं, "खालच्या एकरात घरं बांधतील ती माणसं पावसाळ्यात कुठे जातील?"

आबा म्हणाला, "ती त्यांचं बघतील."

मला माझा तो १९८३ चा विकणारा आठवला. अगदी हेच म्हणाला असेल तो, आमच्या मागे.

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझा वेगळा अर्ज लिहिला, हातानेच, वळणदार अक्षरात. खालचं एक एकर पाण्याखाली जातं, ते हिरवंच ठेवावं. वरच्या दोन एकरांबद्दल माझी हरकत नाही. पोस्टाने पाठवला आणि एक प्रत आबाला दिली. त्याचं गिऱ्हाईक गेलं. त्या भाऊबीजेला आबा आला नाही, भाच्याबरोबर साडी पाठवली. ती मी अजून नेसलेली नाही.

इथे आबाची बाजूही लिहायला हवी, नाहीतर मीच आपली शहाणी ठरायची. मला पेन्शन आहे. महिन्याच्या सुरुवातीला बँकेत पैसे येतात आणि मग मला हिरव्या रानाचं कौतुक करायला वेळ मिळतो. आबाचे गुडघे गेलेत. ऊस गेल्यावर बिलाची वाट बघायची, मजूर मिळत नाहीत, पोराला शेती नको आहे आणि पोराला मुलगी द्यायला कुणी तयार नाही कारण तो शेतीत आहे! वाटेपलीकडच्या माणसाची जमीन एका रंगाने सोनं होते आणि आपली तशीच राहते, हे त्याने का सोसायचं? कुणाच्या तरी हातून नकाशावर एक रेघ इकडून गेली की तिकडून, एवढ्यावर दोन घरांचं नशीब वेगळं होतं. त्याचा राग मला समजतो. तेव्हा समजला नव्हता, एवढंच.

त्याच दिवसांत पुण्याकडे आणखी एक गोष्ट चालू होती. मी ती पेपरात रोज वाचायचे. २०१७ साली ११ गावं पुणे महापालिकेत आली होती, आणि २०२१ च्या ३० जूनला आणखी २३ आली. पुण्याची हद्द एवढी वाढली की क्षेत्रफळात महापालिका मुंबईच्याही पुढे गेली. आता गावं शहरात आली म्हटल्यावर त्यांचा नकाशाही शहराने करायचा, असंच कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. त्याच जुलैत राज्य सरकारने त्या २३ गावांसाठी पीएमआरडीएलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. म्हणजे कचरा आणि पाणी महापालिकेने बघायचं, आणि घरं कुठे किती होणार ते प्राधिकरणाने ठरवायचं. यावरून खूप वाद झाले. शहराचे लोक म्हणत, नियोजनाचा अधिकार आमच्याकडे द्या, आम्हीच रोज या गावांना तोंड देणार आहोत. सरकारची बाजू घेणारे म्हणत, प्रदेशाचा एकत्र नकाशा आधीच तयार होतोय, त्याचे तुकडे कशाला?

नागरिकशास्त्राची बाई म्हणून मला यात पहिल्यांदा उत्तर सोपं वाटलं. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या जूनपासून अमलात आहे. तिच्यात बारावी अनुसूची जोडली, शहरांच्या संस्थांकडे द्यायच्या १८ विषयांची. त्यातला पहिलाच विषय नगररचनेसह शहर नियोजन. पहिलाच! दिवाबत्ती खूप खाली आहे. पण घटनेचे शब्द असे आहेत, की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार देऊ 'शकेल'. दिलेच पाहिजेत असं नाही. मुलांना मी व्याकरणात सांगायचे तेच, क्रियापदाकडे नीट बघा.

तेव्हा माझं मत झालं, की अधिकार खाली यावा. मुंबईपेक्षा पुणं जवळ, पुण्यापेक्षा शिरूर जवळ. जवळच्याला पाणी कुठे चढतं ते माहीत असतं. हे मत मी एका जुन्या सहकाऱ्यापाशी बोलून दाखवलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, गणिताचे. ते म्हणाले, "बाई, जवळच्याला माहीत असतं हे खरं. पण तुमच्या भावालाही माहीत होतंच की."

मी गप्प बसले.

खरंच होतं. आमच्या रानाच्या सगळ्यात जवळ कोण? आबा. त्याच्या हातात रंगाची पेटी दिली असती तर त्याने तिन्ही एकर पिवळे केले असते, आणि मला विचारलंही नसतं. सख्ख्या भावाने विचारलं नाही, तर नगरसेवक विचारेलच हे कशावरून? गावात ज्याची जमीन त्याचाच पाहुणा सभागृहात, असं आपल्याकडे नवीन आहे का?

शिवाय जवळची खुर्ची भरलेली तर हवी! पुणे महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर निवडणूक झाली ती थेट २०२६ च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षं निवडून आलेलं कुणी नव्हतंच, प्रशासक कारभार बघत होते. आपल्याकडच्या नगरपालिकांचीही तीच कथा. या चार वर्षांत अधिकार शहराकडे आला असता, तरी आबासारख्याने कुणाच्या दारात जायचं होतं? आणि याच्या उलटही झालेलं आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा महापालिकेला वेळेत पुरा करता आला नाही, म्हणून २०१५ साली सरकारने तो काढून घेतला, समितीकडून तपासून घेतला आणि २०१७ साली मंजूर केला. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं तर महापालिकेत गेली आणि परत बाहेर निघाली. २०२४ साली त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शहरात येऊन मिळालं नाही ते आपल्या हातात ठेवून बघावं, असं त्यांना वाटलं असेल.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिला विचारलं, तुमच्याकडे हे कोण ठरवतं? तिकडेही हा अधिकार खालीवर होत राहिलाय. १९४७ च्या कायद्याने तो छोट्या कौन्सिलांकडून काढून मोठ्या काउंट्यांकडे दिला, आणि १९७४ पासून बराचसा पुन्हा खाली आणला. पण तिने सांगितलेली दुसरी गोष्ट माझ्या जास्त लक्षात राहिली. तिच्या शेजाऱ्याला मागच्या बाजूने स्वयंपाकघर वाढवायचं होतं, तर कौन्सिलचं पत्र हिच्या घरी आलं. शेजारी असं असं बांधणार आहेत, काही म्हणायचं असेल तर २१ दिवसांत कळवा. नकाशा बघायला ठेवलेला आहे. तिने लिहिलं, की उन्हाचा प्रश्न होईल. शेवटी शेजाऱ्याला परवानगी मिळाली, हिचं म्हणणं मान्य झालं नाही. पण का झालं नाही, ते अधिकाऱ्याच्या अहवालात लिहिलेलं होतं. ती म्हणाली, "आई, मी हरले, पण मला राग आला नाही."

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख झालं. आपण सगळे भांडतोय ते पेटी कुणाच्या हातात यावर. मंत्रालय की प्राधिकरण, प्राधिकरण की महापालिका, महापालिका की ग्रामसभा. ते भांडण खोटं नाही. माझा कल अजूनही खालीच आहे, कारण चुकीचं झालं तर मी एसटीने दौंडला किंवा शिरूरला जाऊन विचारू शकते, आणि पुढच्या निवडणुकीत मत नाकारू शकते. मंत्रालयाच्या पायऱ्या चढायला माझे गुडघेही आता आबासारखेच झालेत. पण जवळ असणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकार जवळ आला म्हणजे आपोआप विचारणा होते, असं नाही. ती वेगळी मागावी लागते. रेघ ओढण्याआधी विचारा, ज्याच्या रानातून जाणार त्याला आणि ज्याच्या घरात पाणी शिरणार त्यालाही. आणि ऐकायचं नसेल तर का नाही, ते लिहून द्या. शिवाय जवळच्याचा स्वार्थ तपासायला थोडं लांबचं कुणीतरी हवंच, फक्त त्याने तपासावं, पेटी पळवू नये. माझ्या एकरासाठी आबाची माहिती हवी होती आणि आबाच्या गिऱ्हाइकाशी देणंघेणं नसलेला माणूसही हवा होता. दोन्ही.

घटनेत याची सोय आहे म्हणा. मोठ्या शहरांच्या प्रदेशासाठी महानगर नियोजन समिती असावी आणि तिच्यात निदान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिका-पंचायतींच्या निवडून आलेल्यांमधून यावेत, असं लिहिलेलं आहे. पीएमआरडीएच्या आराखड्यावर लोक उच्च न्यायालयात गेले, तिथेही या समितीचा मुद्दा होताच. आराखड्यावर साठ हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. त्यात एक आबाची टाईप केलेली आणि एक माझी हाताने लिहिलेली. शेवटी २०२५ साली सरकारने तो आराखडाच रद्द केला. चार वर्षं ज्या नकाशावरून आम्ही बहीणभाऊ एकमेकांशी धड बोललो नाही, तो नकाशाच राहिला नाही!

बातमी आली त्या संध्याकाळी आबाचा फोन आला होता. थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग तो म्हणाला, "ताई, दोघांचाही कागद फुकट गेला गं." आणि आम्ही दोघं हसलो. खूप वर्षांनी. पण रानाविषयी तो विषय तेव्हा कुणीच काढला नाही.

आणि परवा हा फोन. "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तू ये. भाच्यालाही आण. जुना नकाशा आण, आणि मी कागदावर खालचं एकर काढून ठेवते. बसून बोलू."

तो म्हणाला, "वरच्या दोन एकराचं मात्र मी सोडणार नाही हां ताई."

"नको सोडूस," म्हटलं. "तेही लिहू. एकाच कागदावर लिहू, तुझं आणि माझं."

पुढे काय होईल सांगता येत नाही. नवा नकाशा कुणी करेल, त्यात आमचं रान कुठल्या रंगाचं निघेल, माझ्या हयातीत निघेल की नाही, कोण जाणे. खालच्या एकराबद्दल आबाचं मन वळेल याचीही खात्री नाही. पण या वेळी कागद टाईप व्हायच्या आधी फोन आला. रविवारी येतो म्हणालाय. त्याला गूळशेंगदाण्याची वडी आवडते, ती करून ठेवली आहे. आणि ती साडी कपाटातून काढून उन्हात टाकली आहे.